एका वेळी तिघीच

ॲन आर्बर
शनिवार, ११ ऑगस्ट २००७

प्रिय नेत्रा,

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. अक्षर मोठं काढलंय आणि ओळींमध्ये जागा सोडलीय, बाबा रविवारी तुझ्यासाठी धडे लिहायचे तशी. आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. दोन पानं झालीही, पण वाचल्यावर वाटलं, आपण पाणीखात्याकडे तक्रार करतोय. फोनवर सांगावं, तर आपले फोन कसे असतात ते तुला माहीत आहे. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो. मी विचारते तिकडे थंडी पडली का, तू म्हणतेस, आई, सांता क्लारा आहे हे. मग तुला मागून कोणीतरी हाक मारतं आणि तू म्हणतेस, ओके, आय हॅव टु गो. चार मिनिटं, कधी पाच. त्यात मावेल अशी ही गोष्ट नाही. सावकाश वाच, हवं तर दोन दिवस लाव. अडलं तर ओठ हलवत वाच, लहानपणी वाचायचीस तसं. तिथे कोण बघतंय.

तू मला एकदा एक प्रश्न विचारला होतास. बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, फ्रीजला टेकून. त्या हिवाळ्यात शनिवारी सकाळी बाबा कुठे जायचे? मी म्हटलं, ऑफिसात. तू म्हणालीस, नाही, मी गाडी पाहिलीय, लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये, बाबा आत नुसते बसले होते. मी म्हटलं, मग मला माहीत नाही. ते खरं होतं, पण तुला ते खरं वाटलं नाही. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस आणि मग वर निघून गेलीस. त्यानंतर तू पळायचे बूट बेसमेंटमध्ये ठेवून दिलेस, टीम सोडलीस, शेवटचं वर्ष नुसतं अभ्यासात काढलंस आणि ग्रॅज्युएशन झाल्या झाल्या जूनमध्येच तिकडे गेलीस. कॉलेज सप्टेंबरात होतं. मी विचारलं नाही इतकी घाई कशाला, कारण मला माहीत होतं.

आज मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे. पण ते कसं कळलं हे आधी सांगितलं नाही तर तुला वाटेल, पोरीला बरं वाटावं म्हणून आईने जुळवून आणलं. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

सुरुवात नळापासून करते. गॅरेजच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने बाबांनी नळ बसवला, तू नववी संपवून दहावीत गेलीस त्या उन्हाळ्यात. तुम्ही मुली नदीकडून चढ चढून यायच्या, तेव्हा आपल्या घराशी बरोबर चार मैल व्हायचे. बाबा म्हणाले, इथे पाणी पाहिजे. भिंतीला भोक पाडलं, कार्पेट भिजवलं, माझ्या शिव्या खाल्ल्या आणि नळ बसवला. तुला आठवत असेल, मी तेव्हा जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, पळून काय मिळतं गं? घोडे पळतात, त्यांना निदान चणे मिळतात. बाबा हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, यू हॅवन्ट इव्हन कम वन्स. खरंच, मी एकदाही आले नव्हते. तीन वर्षांत किती शर्यती झाल्या तुझ्या, मला आकडाही माहीत नाही. मी घरी इडलीचं पीठ वाटत बसायचे आणि तुम्ही दोघं चिखलाने भरून परत यायचात, माझ्या घरात माझ्याशिवाय काहीतरी मजेचं करून आल्यासारखे. मला त्याचा राग यायचा, हे आता लिहून टाकते.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो पाईप फुटला. तुला माहीत आहे, मी दहावीनंतर शाळेत गेले नाही. इंग्रजी शिकले ती यंत्रांची पुस्तकं वाचून. या घरातल्या फर्नेसचं, ड्रायरचं, मिक्सरचं, प्रत्येकाचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, धोक्याच्या सूचनांसकट. त्यानंतर लायब्ररीतली कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं. पण बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या नळाचं पुस्तक कुठून असणार? थंडीच्या आधी आतली चावी बंद करायची असते, ते फक्त त्यांना माहीत होतं. आपण दोघी बेसमेंटमध्ये टॉवेलांनी पाणी टिपत होतो, दोन तास, एकमेकींशी एक शब्द न बोलता. मला त्या दिवशी खूप वाटलं होतं तुझ्या पाठीवर हात ठेवावा. हातात ओला टॉवेल होता.

प्लंबरने पाईप बदलला आणि नळ बंद करून ठेवला. तू गेलीस त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या सोमवारी, सकाळचे साडेसात वाजले असतील, मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होते. एक कप. अजूनही आधण दोन कपांचं ठेवलं जायचं आणि मग उरलेला चहा मी दहा वाजता गरम करून प्यायचे. तेवढ्यात एक उंच मुलगी आली आणि नळ फिरवायला लागली. पाणी येईना. मागून आणखी चार-पाच आल्या, सगळ्या त्या कोरड्या नळाभोवती उभ्या राहिल्या, गावाकडे हापशाभोवती राहतात तशा. मी गाऊनवरच स्वेटर चढवला आणि जग घेऊन बाहेर गेले. ती उंच मुलगी म्हणाली, आर यू नेत्राज् मॉम? दीड वर्षात मला कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मंडळाच्या कार्यक्रमात सगळे हळू आवाजात बोलतात माझ्याशी, मी काही आजारी असल्यासारखं. मृणालिनी काकू डबा देते आणि म्हणते, घर विक, नेत्राकडे जा, इथे काय राहिलंय. त्या मुलीने मात्र तीन ग्लास पाणी प्यायलं, ढेकर दिली, सॉरी म्हणाली आणि पळून गेली. तिचं नाव मेगन. आता ती कॅप्टन आहे.

मी आतली चावी शोधून नळ चालू केला. रोज साडेसातला बाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. काम तर काही नव्हतं, म्हणून मोजायचे. एकदा सात आल्या, आठवी येईना. मी चपला घालून उतारावर गेले, तर ती पोटरी धरून फूटपाथवर बसलेली. तिला धरून आणलं. मेगन म्हणाली, मिसेस सोनटक्के, तुम्ही रोज मोजाल का? मी विचारलं, तुमची कोच का नाही येत? तिने सांगितलं, ऑफ-सीझन आहे. सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो, नोव्हेंबरात संपतो. बाकीचे महिने मुलींनी आपल्या आपण पळायचं, कोचने सगळ्यांना एकत्र घेऊन सराव घ्यायचा नाही, असा राज्याचा नियम आहे. जवळ मोठं माणूस असलेलं बरं, पण ते कोच नको. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, यू डोन्ट नो एनिथिंग अबाउट रनिंग, राइट? मी म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, दॅट्स परफेक्ट! तुला सांगते, या देशात तेवीस वर्षं झाली, पण मला काही येत नाही म्हणून कोणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

तर अशी मी त्यांची झाले. त्यांच्यात आपली एक आरोही आहे, ती मला मावशी म्हणते, म्हणून सगळ्याच म्हणायला लागल्या. मेगनच्या तोंडून ते माउची असं येतं. मी एकीला बोलले, रिकाम्या पोटी पळशील तर पडशील, तेव्हापासून पिशवीत शेंगदाण्याचे लाडू न्यायला लागले. बर्फ पडल्यावर त्या शनिवारी आठ वाजता पळतात, शाळेपासून लायब्ररीच्या वळणावरून पुन्हा शाळेकडे, तशा चार फेऱ्या. मी कधी बर्फात गाडी चालवली नव्हती. पहिल्या शनिवारी ताशी दहा मैलांनी गेले, मागे रांग लागली होती. लायब्ररीच्या लॉटमध्ये गाडी लावायचे, कारण तिथून वळण नीट दिसतं, येणारी मुलगीही दिसते आणि जाणारीही. बाहेर उभं राहून मोजायचं. आठ, आठ, आठ, आठ. मग थर्मासमधला चहा. सबंध आठवड्यात तेवढा एक तास मी कोणाशी तरी मोठ्याने बोलायचे. बाकी सहा दिवस रेडिओ बोलायचा.

त्या लॉटमध्ये उभं राहून मला तुझा प्रश्न आठवायचा. इथेच तू गाडी पाहिली होतीस. कोणती जागा असेल, कोपऱ्यातली की मधली? माणूस शनिवारी सकाळी घरात खोटं सांगून इथे काय करायला येत असेल? मी बायको होते त्यांची एकवीस वर्षं आणि मला ते सांगता येत नव्हतं. खरं सांगू, माझ्याही मनात नको नको ते येऊन गेलं. तुझ्या मनात काय आलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. त्यांची कोच, मिसेस कॉलिन्स, तुझ्या वेळचीच, आता केस पांढरे झालेत, ती घरी आली. म्हणाली, यंदा सीझनमध्ये आमच्याबरोबर बसने या. शर्यतीला मुलींना तुम्ही हव्या आहात. फक्त बसमध्ये बसायचं तर यादीत नाव लागतं, व्हॉलंटियर असिस्टंट म्हणून, हा फॉर्म भरा. गळ्यात घालायचं कार्ड मिळेल, फोटोचं, आणि निळं जॅकेट, पाठीवर शाळेचं नाव. नेत्रा, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. त्रेपन्न वर्षांत माझ्या फोटोचं कार्ड म्हणजे लायसन्स आणि पासपोर्ट. मी कॉलिन्सबाईंना लाडू दिले आणि म्हटलं, उद्या सही करून देते. उद्या अशासाठी की वाचल्याशिवाय मी सही करत नाही.

अकरा पानं होती. मी डिक्शनरी घेऊन स्वयंपाकघरात बसले. त्यांचे नियम वाचण्यासारखे आहेत. जुलैमध्ये एक आठवडा कोचने खेळाडूंना भेटायचंच नाही, त्याला डेड पिरियड म्हणतात. मला आपलं सुतक आठवलं, शिवायचं नाही, जवळ जायचं नाही, फक्त इथे सातव्या दिवशीच सगळं आपोआप शुद्ध. मग सातव्या पानावर आले. तिथे लिहिलंय, यादीत ज्याचं नाव आहे तो वर्षभर कोचच धरला जाईल, पगारी असो की बिनपगारी. सीझन नसताना कोचने एका वेळी तीनपेक्षा जास्त खेळाडूंचा सराव घ्यायचा नाही. वेळ मोजणं हे सराव घेण्यातच येतं. आणि नियम मोडला तर टीमचे निकाल रद्द होऊ शकतात.

मी आधी माझाच विचार केला. म्हणजे सही केली तर नोव्हेंबरपासून माझे शनिवार गेले. आठ जणींतल्या पाच जणींना मी सांगायचं का, तुम्ही घरी जा, आज तिघींचीच मावशी आहे? मग मला एकदम तोच कागद बाबांच्या हातात दिसला. याच टेबलावर. तुझ्या अकरावीचा ऑगस्ट. वर्तमानपत्रावर ठेवून त्यांनी सही केली होती आणि मी ओट्यापाशी उभी राहून म्हटलं होतं, वाचलं का? ते म्हणाले, अगं बससाठी आहे. मी म्हटलं, तुम्ही एक दिवस न वाचता घर लिहून द्याल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. फॉर्म कॉलिन्सबाईंच्या पुढे ठेवला, सातव्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, माझ्या नवऱ्याच्या वेळी हे होतं का? तिने फॉर्म स्वतःकडे ओढून ते पान वाचलं. मग म्हणाली, ही नेव्हर टोल्ड यू? आणि उठून दार लावून घेतलं.

तिने सांगितलं ते असं. त्या वर्षी सीझन संपल्यावर डिसेंबरात बाबा नेहमीसारखे दोन शनिवार तुमच्याबरोबर आले. घड्याळ घेऊन, ओरडून वेळ सांगत, आठही मुलींना. आदल्या दोन वर्षी त्यांचं नाव कुठल्या यादीत नव्हतं, तेव्हा चालत होतं. त्या वर्षी होतं, आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं. कॉलिन्सबाईंना कळलं तेव्हा तिने फोन केला. म्हणाली, मिस्टर सोनटक्के, हे कोणी कळवलं तर मुलींनी शरद ऋतूत मिळवलेलं सगळं जाईल. तुझं ते राज्याच्या फायनलमधलं सतरावं स्थानसुद्धा, जे त्यांनी भारतात फोन करून करून सांगितलं होतं. आणि सगळ्यात आधी कॅप्टनला विचारतील. कॅप्टन तू. तिने सांगितलं, दोन रस्ते आहेत. यादीतून नाव काढा आणि हिवाळ्यात हवं तितकं या, पण मग पुढच्या सीझनला बस नाही, मैदानावर उभं राहणं नाही. किंवा नाव ठेवा आणि ऑगस्टपर्यंत लांब राहा. बाबांनी तिला एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुढचं वर्ष माझ्या मुलीचं शेवटचं. मला बस हवी.

त्यांनी हा हिवाळा सोडला तो पुढच्या शरद ऋतूसाठी, नेत्रा. तो त्यांना मिळाला नाही.

मी कॉलिन्सबाईंना विचारलं, मग त्यांनी नेत्राला का नाही सांगितलं? ती म्हणाली, मीही तेच विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, उद्या कोणी चौकशी केली तर ती खरं बोलेल, ती आईवर गेलीय. तिला माहीतच नसेल तर दोष माझा एकट्याचा राहील. तू बाबांना ओळखतेस, ते असंच बोलले असणार. पण हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं कॉलिन्सबाईंना माहीत नाही, मला माहीत आहे. तुला सांगितलं असतं तर ते जेवणाच्या टेबलावर निघालं असतं, आणि मी म्हणाले असते, वाचल्याशिवाय सही केलीत ना? दहा वेळा म्हणाले असते. पाहुण्यांपुढे म्हणाले असते. तुझं सतरावं स्थान त्यांच्या सहीमुळे धोक्यात आलं, हे मी त्यांना विसरू दिलं नसतं. माझ्या तोंडाला भिऊन एक सरळ माणूस शनिवारी ऑफिसचं नाव सांगत राहिला. हे मी तुझ्यापासून लपवू शकले असते. लपवत नाही.

मग ते लायब्ररीत का जायचे, हा तुझा प्रश्न उरतो. घरी आल्यावर मी बेसमेंटमध्ये गेले. तुझ्या बुटांच्या शेजारी त्यांच्या ऑफिसातून आलेलं खोकं आहे. अडीच वर्षं मी त्याची चिकटपट्टी काढली नव्हती. त्यात त्यांचा मग, स्वेटर, कॅल्क्युलेटर, आणि खाली त्यांची चौकटीच्या कागदाची हिरवी वही. तुझ्या सगळ्या शर्यतींच्या वेळा त्यात आहेत. मी पायरीवर बसून सगळी वाचली. मी न पाहिलेल्या शर्यती मी अशा वाचून काढल्या, कोणत्या चढावर तू मागे पडलीस, कुठे दोघींना मागे टाकलंस. डिसेंबरची चार तारीख आणि अकरा तारीख आहे, आठ नावं आणि वेळा. मग अर्धं पान कोरं. मग आठ जानेवारी. नावं नाहीत. नुसतं लिहिलंय, लायब्ररी, गाडीत, ८, ८, ८, ८.

ते मोजत होते गं. घड्याळ घेऊन मैदानावर उभं राहायची बंदी होती, पण लायब्ररीच्या लॉटमध्ये गाडीत बसायला कोणाची बंदी? माझी पुस्तकं परत करायला नेतो म्हणायचे. त्या हिवाळ्यात माझी पुस्तकं दर शनिवारी परत जायची, मी म्हणायचे, अहो, हे अजून वाचून झालं नाही. मला वाटायचं ऑफिस सुटल्यावर जाता जाता टाकतात. मी गेला सबंध हिवाळा त्याच जागेवर उभी राहून त्यांच्यासारखीच मोजत होते आणि मला माहीत नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते. फॉर्म कोरा परत केला. मेगन चिडली. म्हणाली, माउची, द जॅकेट इज फ्री! कॉलिन्सबाईंना मात्र कळलं. बाबांनी शरद ऋतू निवडला, मी हिवाळा निवडला. बसमध्ये बसायला पुष्कळ आईबाप तयार असतात, जानेवारीत शनिवारी आठ वाजता कोणी नसतं. आणि मलाही जानेवारीतच माणसं लागतात. शर्यत मी दोरीच्या बाहेर उभी राहून बघेन, आणि या वेळी बघेन, एकही चुकवणार नाही. गिरीश काकांनी घरासाठी गिऱ्हाईक आणलं होतं, त्यांना नाही म्हणून कळवलं. नळ इथे आहे, घर कसं विकणार? तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून येईन, तू बोलावशील तेव्हा.

पण हे पत्र या कशासाठी नाही. वही मी या पाकिटात घातलीय, ती तुझी आहे, आणि तिच्या शेवटच्या भरलेल्या पानासाठी मी हे सगळं लिहिलं. एकोणतीस जानेवारीला लिहिलंय, ८, ८, ८, ८, N ने गाडी पाहिली. पाच फेब्रुवारीला, N ने पाहिलं नाही. तेव्हा तू घरात त्यांच्याशी बोलत नव्हतीस, मला वाटायचं मार्कांवरून काही बिनसलंय. मग बारा फेब्रुवारी, ते गेले त्याच्या आधीचा शनिवार. पहिली फेरी ८, दुसरी ८. तिसऱ्या फेरीत ७ लिहून थांबलेत, आणि पुढे लिहिलंय, N, वळणावर, बुटाची नाडी, १ मिनिट १० सेकंद. मग ८. नेत्रा, मी काल तुझे बूट बेसमेंटमधून वर आणले, पुसले आणि घड्याळ लावून नाडी बांधून पाहिली. माझ्या या बोटांनी, चष्मा लावून, अकरा सेकंद लागले. उरलेला वेळ तू त्या वळणावर, गाडीपासून वीस पावलांवर, वाकून काय करत होतीस ते तुला माहीत. मी विचारणार नाही. तू जवळ गेली नाहीस, ते खाली उतरले नाहीत, हे तू अडीच वर्षं उराशी धरून असशील, असं मला ते पान वाचल्यापासून वाटतंय. म्हणून एवढंच कळवायचं होतं. तू थांबलीस हे त्यांनी पाहिलं होतं. जितका वेळ थांबलीस तितका सगळा मोजला, आणि तू निघालीस तेव्हा तुला धरून आठ लिहिले.

तुझीच,
आई